चौदा सत्कार आणि एक फुटबॉल संघ

अन्याय झाला तो शिकलगार सरांवर. १९९६ साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या खोलीत. प्राचार्यांनी आधी सरांच्या हातावर तिळगूळ ठेवला, मग पत्र ठेवलं. पत्रात दोनच ओळी होत्या. फुटबॉल संघाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी आजपासून आपल्याकडे राहणार नाही. आपण जिमखान्याचं भांडार सांभाळावं. सरांनी तिळगूळ तोंडात टाकला, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असं लिहून सही केली, आणि मैदानाकडं न बघता सरळ भांडाराकडं गेले.

हा अन्याय संस्थेनं केला, गावानं केला आणि मी केला. पहिल्या दोघांबद्दल मी एकदा लिहिलेलं आहे, छापून कॉलेजच्या फाटकावर वाटलेलं आहे. तिसऱ्याबद्दल आज पहिल्यांदाच लिहितोय.

ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं मागितलं ते वेगळंच. म्हणाले, “सहा वर्षं मैदानावर नोकरी केलीत, गमतीजमती असतील, त्या लिहा.” आहेत, भरपूर आहेत, आणि त्या सगळ्या मला सरांमुळंच मिळाल्या. पण सर येत्या मे महिन्यात निवृत्त होतात. त्यांच्यापाशी एकच हंगाम उरलाय, आणि त्या हंगामात आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ उतरणार की नाही हे अजून ठरलेलं नाही. त्यामुळं गमती सांगता सांगता मी तिथंच येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

मी आटपाडीकडचा. आमचं कॉलेज कडेगावच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. मी तिथं गेलो तो फुटबॉल खेळायला. महिनाभर सरांनी मला पळवलं, मग एक दिवस बाजूला घेतलं.

“अंकुशा, तुला बॉल दिसतो रं. पण दिसस्तोवर त्यो गेलेला असतो.”

“मग सर?”

“तुझी नजर मातीवर हाय. भेग कुठं, खड्डा कुठं, तुला पयलं दिसतं. तू मैदान बघ.”

खेळाडू म्हणून मला इतक्या सरळ शब्दांत कुणी नापास केलं नव्हतं आणि माणूस म्हणून इतकं नेमकं कुणी ओळखलंही नव्हतं. शिकता शिकता मी रोजंदारीवर मैदान सेवक झालो.

मैदान सेवक म्हणजे काय ते लोकांना ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, पांढऱ्या रेघा मैदानावर असतातच. त्या असत नाहीत, माराव्या लागतात. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची आणि सुतळीच्या कडेनं फक्की सोडत मागं मागं चालायचं. मधलं वर्तुळ काढायला दहा यार्डांची सुतळी एका खुंटीला बांधायची आणि दुसरं टोक धरून आपण फिरायचं. तीच सुतळी पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवून फिरवली की डी-च्या, म्हणजे गोलपुढच्या मोठ्या चौकोनाच्या, तोंडावरची कमान निघते. ती कमान शोभेची नव्हे. पेनल्टी मारताना बाकीच्यांनी दहा यार्ड लांब राहायचं, ते कुठवर, हे ती सांगते. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मला शाळेतल्या सगळ्या भूमितीच्या मास्तरांचा राग आला. हे त्यांनी मैदानात का नाही शिकवलं?

काळी माती ही मैदानाची वैरीण. पावसाळ्यात ती बुटाला धरते, आणि थंडी सरली की तिला भेगा पडतात, घोटा मावेल एवढ्या. मी रोज सकाळी त्यांत मुरूम दाबायचो. बॉल फुगवताना सुई आधी तोंडात ओली करायची, नाहीतर आतलं ब्लॅडर फाटतं. दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघायचं, कच्च्या पेरूएवढा कडक लागला की थांबायचं. हे सगळं मला सरांनी शिकवलं, एकदाही आवाज न चढवता.

मैदानाची गिऱ्हाइकं तर विचारूच नका. स्कूटर शिकणारे, लग्नाचे मांडववाले, डी-मध्ये मिरच्या वाळत घालणाऱ्या मावश्या. निवडणुकीच्या हंगामात तर हेलिकॉप्टर उतरायचं. त्यासाठी बरोबर मधल्या वर्तुळात खडी अंथरून ती धुम्मसानं ठोकली होती. पाहुणा हात हलवून गेला, खडी आम्हाला ठेवून. सर आणि मी दोघांनी बसून आठ दिवस ती वेचली. एक निवृत्त सुभेदार रोज संध्याकाळी फिरायला यायचे. ते रेघ ओलांडायचे नाहीत, सगळ्या मैदानाला वळसा घालून जायचे. “लाइन इज लाइन,” म्हणायचे. आख्ख्या तालुक्यात माझ्या कामाला मान देणारा तो एक माणूस.

आता सरांबद्दल. शिकलगार सर मूळचे सांगलीचे. त्यांचे वडील सायकलला धार लावायचं चाक बांधून आमच्याच पट्ट्यातल्या गावांतून फिरायचे. कात्र्या, विळे, अडकित्ते, जे दारात येईल त्याला धार लावायचे. सर त्यांच्या मागं चालत मोठे झाले. पुढं शिकले, खेळले, आणि कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे प्रमुख म्हणून आले. आमच्याकडं कुस्ती, कबड्डी, आणि टीव्हीमुळं क्रिकेट. फुटबॉल म्हणजे कोल्हापूर नाहीतर मिरज. ऊसपट्ट्यातल्या कॉलेजनं फुटबॉलचा संघ काढायचा म्हटल्यावर लोक हसले. सरांनी त्यांना हसू दिलं.

सर संघ निवडायचे त्याची तऱ्हा निराळी होती. बागायती गावांतली धष्टपुष्ट पोरं पुढं पुढं करायची. सर त्यांना खेळवायचे, पण त्यांची नजर असायची माण आणि आटपाडीकडनं येणाऱ्या एसटीवर. तिकडची पोरं काटक, उन्हात दिवसभर चालणारी. जून महिन्यात एका सकाळी त्या एसटीतून एक पोरगं उतरलं. पायात टायरच्या चपला, खांद्यावर वळकटी. नाव बिरू.

सरांनी विचारलं, “घरी काय करतोस?”

“मेंढरं हायती.”

“किती?”

“साठेक.”

“समदी एकदम दिसत्यात तुला?”

बिरूनं जरा विचार केला. “दिसत न्हाईत सर. पर कळत्यात. कुठलं कवा फुटणार ते आधी कळतंय.”

सर माझ्याकडं वळले. “घे ह्याचं नाव.”

बिरूनं तोवर फुटबॉल पाहिलासुद्धा नव्हता. नियम सांगितले तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, “हातानं धरायचा न्हाई? मग देवानं हात कशाला दिल्यात?” सर म्हणाले, “जिंकल्यावर टाळ्या वाजवाया.”

सरांनी त्याला मधोमध खेळवलं. गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं, पण मधला माणूस ठरवतो की बॉल कुठं जाणार. बिरू बॉलकडं बघायचाच नाही. मान सारखी वळवत राहायचा, आणि बॉल पायात आला की मोकळ्या जागेत सोडायचा. दोन श्वासांनी आमचं पोरगं तिथं पोहोचायचं. बघणाऱ्याला वाटावं जादू आहे. जादू नव्हती, साठ मेंढरं होती.

सरांचा सराव रोज साडेचार ते दिवस बुडेपर्यंत. त्यातला एक तास दोरीचा. मागं खेळणाऱ्या चौघांच्या कमरेला एकच चऱ्हाट बांधायचं, दोघांमध्ये ठरलेलं अंतर ठेवून. एक डावीकडं सरकला की चौघं सरकायचे. चऱ्हाट ताणलं तर चूक, लोळलं तर चूक. सहा महिने रोज. मग एक दिवस सर चऱ्हाट सोडायचे आणि चौघं तसेच सरकायचे. मी एकदा म्हटलं, “सर, आता येतंय की त्यांना, रोज कशाला?” सर म्हणाले, “हे डोस्क्यात ऱ्हात न्हाई रं. अंगात ऱ्हातं. अंग चार दिसांत इसरतं.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

१९९४ च्या डिसेंबरात आम्ही विभागीय अंतिम सामन्यात उतरलो. समोर कोल्हापूरकडचा संघ. त्यांच्या पोरांच्या पायात कातडी बूट, आमच्यातल्या निम्म्यांच्या कॅनव्हासचे. आम्ही एक-शून्यानं जिंकलो. बिरूनं मोकळ्या जागेत बॉल सोडला, आमचा पोरगा पोचला, गोल. पुढची वीस मिनिटं चऱ्हाटातली चार पोरं भिंतीसारखी सरकत राहिली. शिट्टी वाजली तेव्हा सर खाली बसले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी बांधलेलीच होती. मी पाहिलं.

इथवर सगळं चांगलं. आता नासलं कसं ते सांगतो.

आपल्या भागात माणूस जिंकला की त्याचा सत्कार करतात. शाल, नारळ, फेटा, मिरवणूक, भाषणं. त्यात वाईट काही नाही. वाईट हे की सत्कार करणारा प्रत्येकजण स्वतःचा दिवस धरून बसतो. पतसंस्थेला वार्षिक सभेतच सत्कार करायचा असतो, गणेश मंडळाला गणपतीतच, कारखान्याला गळिताआधी बॉयलर पेटवायच्या समारंभातच. त्यामुळं एका विजयाचे सत्कार दहा महिने पुरले. आणि वेळ कुठली? संध्याकाळी साडेचार. पाहुण्यांना सोयीची तीच, आमच्या चऱ्हाटाची पण तीच.

पहिल्या सत्काराला संस्थेचे अध्यक्ष स्वतः बोलले. “आमच्या ह्या क्रिकेटच्या वाघांनी...” मागनं कुणीतरी सदरा ओढला. “...फुटबॉलच्या वाघांनी क्रिकेटसारखाच भीमपराक्रम केला!” टाळ्या. तिसऱ्या सत्काराला बिरू फेटा बांधून बसला होता. माझ्या कानाशी लागून म्हणाला, “अंकुशदा, सरांस्नी सांग, आता फेट्यावरनं हेडिंग शिकवा. उघड्या डोस्क्यावर बॉल घ्यायची सवय मोडली माझी.”

त्या तिसऱ्या सत्कारानंतर सरांनी मला भांडारात बोलावलं. संघाची पत्रं मीच लिहायचो, खाली ‘संघ व्यवस्थापक’ म्हणून सही करायचो. सर म्हणाले, “अंकुशा, हितनं फुडं जे बोलावतील त्यांस्नी तू न्हाई म्हण.”

“तुम्हीच सांगा की सर. तुमचं ऐकतील.”

सर म्हणाले, “आरं, ज्यांच्या दारात माझा बा चाक घिऊन उभा ऱ्हायला, ती माणसं मला श्याल घालत्यात. त्यांच्या तोंडावर मला न्हाई म्हणाय येत न्हाई. जीभच उचलत न्हाई. म्हणून तुला सांगतोय. तू म्हण.”

समजलं ना वाचकहो? आपली कमजोरी कुठं आहे हे सरांना पक्कं ठाऊक होतं. त्या जागी त्यांनी मला उभं केलं. मैदानावरची भेग मला आधी दिसते, म्हणून.

आणि मी अकरा वेळा ‘हो’ लिहिलं.

का? खरं सांगतो. व्यवस्थापकालाही शाल मिळायची. रोजंदारीवर मुरूम दाबणाऱ्या माणसाला व्यासपीठावर खुर्ची मिळायची, माईकवरून नाव पुकारलं जायचं. पेपरातल्या फोटोत डावीकडून शेवटचा मी. आई तो फोटो शेजारणीला दाखवायची. दर वेळी सरांना सांगायचो, “सर, हे शेवटचं, फार आग्रह धरला.” सर माझ्या तोंडाकडं बघायचे आणि गाडीत बसायचे. तीन अधिक अकरा, चौदा सत्कार, आणि प्रत्येकामागं चार-चार दिवसांचा सराव जायचा. सराव बुडाला त्या दिवशी सर हजेरीच्या वहीत प्रामाणिकपणे लिहायचे: ‘सराव नाही. सत्कार.’

चौदावा सत्कार बिरूच्या गावात, माण तालुक्यात, १९९५ च्या दिवाळीच्या तोंडावर. स्पर्धा दिवाळीनंतर लगेच होत्या. त्या गावानं इतक्या प्रेमानं बोलावलं होतं की नाही म्हणणारा दगडच म्हणावा लागला असता. पण मी दगड व्हावं म्हणूनच तर सरांनी मला नेमलं होतं. फाट्यापासून गावापर्यंत ट्रॅक्टरवरून मिरवणूक. बिरूला चाकावरच्या मडगार्डवर उभा केला, गळ्यात झेंडूच्या माळा, समोर लेझीम. बिरूचा बाप गर्दीत घोंगडं सावरत चालत होता, हसत होता, आणि अधूनमधून ओरडत होता, “आरं बस की खाली, पडशील!” बिरू वरनं ओरडला, “आबा, आज मी बसत नसतो!” ट्रॅक्टरवाल्यानं वळणावर गिअर टाकला, हिसका बसला, बिरू खाली.

घोटा. बुटाआत नुसता फुगत गेला. त्याच्या बापानं तिथंच हळद-तुरटी उगाळून लावली. गावातली माणसं गुन्हेगारासारखी गोळा होऊन उभी. एक म्हातारी पुन्हा पुन्हा म्हणत होती, “आमी लेकराचं चांगलं करायला गेलो वं.” तिच्याकडं बघवत नव्हतं. सर बिरूजवळ बसले होते. त्यांनी वर मान करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं. राग सोसला असता मी.

दिवाळीनंतर पहिल्याच सामन्यात हरलो, चार-शून्य. बिरू काठी घेऊन रेघेबाहेर बसला होता. पण नुसत्या बिरूमुळं हरलो असं म्हणणं खोटं. मागची चार पोरं सरकतच नव्हती. एक जायचा, तिघं बघत राहायचे. अंग विसरलं होतं.

त्या काळात मी विद्यार्थ्यांच्या चळवळीत जायला लागलो होतो. वसतिगृहाचं पाणी, एसटीचे पास, असल्या गोष्टींची पत्रकं लिहायचो. पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिला धडा असतो: मोघम बोलू नका, तारीख-वार द्या. हरल्यावर माझं डोकं फिरलेलं. मी सरांच्या वहीतून चौदा सत्कारांची यादी उतरवून घेतली, तारीख-वारासकट, आणि साताऱ्यात छापून घेतली. मथळा: ‘फुटबॉल संघ कुणी बुडवला?’ संस्थेनं, पुढाऱ्यांनी, हेलिकॉप्टरनं. भाषा अशी की कागद हातात गरम लागावा. सरांना विचारलं नाही. त्यांच्याच बाजूनं लिहितोय, विचारायचं काय, असं वाटलं. आणि निमंत्रणं कोण स्वीकारत होतं, हे त्या पत्रकात कुठंच नव्हतं. सगळं तारीख-वार दिलं, तेवढंच मोघम ठेवलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्या खोलीत मीही होतो. मला साक्षीला बोलावलं होतं. टेबलावर माझं पत्रक आणि सरांची वही, शेजारी शेजारी.

प्राचार्यांनी पत्रकावर बोट ठेवून मला विचारलं, “ही यादी तुम्ही लिहिलीत?”

“हो.”

“बरोबर आहे?”

“हो.”

“म्हणजे ऐन हंगामात, सरावाच्या वेळी, चौदा वेळा संघ मैदानाबाहेर होता. हे तुम्हीच म्हणता. मग प्रशिक्षकाची जबाबदारी काय होती?”

मी म्हटलं, “पण साहेब, सत्कार तुमच्याच...”

“सत्काराला बोलावणं गुन्हा आहे का? नको म्हणायचं होतं. ही निमंत्रणं स्वीकारायचं कोण?”

पत्रकातून संस्थेला सवाल करणारा मी, समोरच्या साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकलो नाही. इतक्यात सर म्हणाले, “मीच.”

एवढंच. मग तिळगूळ, मग पत्र.

दुपारी भांडारात गेलो. सर कॅरमच्या सोंगट्या डब्यात भरत होते. मी दारात उभा. म्हटलं, “सर, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?”

“तुझी रोजंदारी हाय. पोट हाय. माझी पक्की नोकरी, मला कोण काढतंय? लय तर भांडारात टाकतील. टाकलं.”

“पण चूक माझी होती.”

“व्हय, तुझीच हुती.” सर बिनदिक्कत म्हणाले. “आणि न्हाई म्हणायचं काम मी दुसऱ्यावर टाकलं, ती माझी. बस हितं. सोंगट्या मोज.” जरा वेळानं म्हणाले, “पत्रक बाकी झकास लिव्हलंयस. एका जागी नुसती शिवी हाय, मुद्दा न्हाई. तेवढं टाळत जा.”

त्या दिवसापासून मी पत्रकात शिवी लिहीत नाही. मोह होतो. हा लेख लिहितानाही तीनदा झाला.

पुढचं थोडक्यात. संघ वाणिज्य शाखेच्या एका प्राध्यापकांकडं दिला. माणूस सज्जन, पण त्यांना फुटबॉलपेक्षा उन्हाचीच जास्त काळजी. पुढच्या वर्षी माणची एसटी यायची, पण तिच्याकडं बघत कुणी उभं नसायचं. दोन वर्षं संघ पहिल्या सामन्यात हरला. तिसऱ्या वर्षी अकरा पोरं भरेनात. गेल्या वर्षी कॉलेजनं प्रवेशिकाच पाठवली नाही. मी १९९७ मध्ये नोकरी सोडली. भांडाराच्या खिडकीसमोरून रोज फक्कीची पाटी घेऊन जाणं मला जमेना. खिडकीतून सर हाक मारायचे, “रेघ वाकडी जातीया रं!” आणि ती वाकडीच असायची.

लोक म्हणतात, शिकलगारांना एकदा जमलं, पुन्हा जमलं नाही. डोक्यात हवा गेली. हे धादांत खोटं आहे. ज्याला ते खरं वाटतं त्यानं मला येऊन भेटावं, मी त्याला भेग कुठं होती ते दाखवतो. ती माझ्या सहीत होती.

सरांनी मला काय दिलं? रेघ मारायला शिकवलं, मातीकडं बघायला शिकवलं, आणि एका शब्दात दुसऱ्याची चूक अंगावर घेता येते हे दाखवलं. मी आज गावोगाव उभं राहून लोकांच्या हक्कासाठी ओरडतो, ते ओरडणं चळवळीनं शिकवलं असेल. पण ओरडायचं कशासाठी, ते मला त्या माणसानं शिकवलं. त्यांचा मी ऋणी आहे आणि ऋणी असण्यात मला आनंद आहे. माणमधल्या त्या गावाचाही आहे, ज्यानं माझ्या चुकीवर हळद लावली.

बिरू आता तिकडंच एका शाळेत मास्तर आहे. घोटा थंडीत दुखतो म्हणतो. ह्या जूनमध्ये त्यानं चार पोरं आमच्या कॉलेजात पाठवली. आटपाडीकडची आणखी पाच आहेत, ऊसपट्ट्यातली सहा-सात. वसतिगृहाच्या मागच्या पडीक जागेत ती रोज साडेचारला खेळतात, कुणी न शिकवता. ऑगस्टमध्ये मी जाऊन पाहिलं. त्यातलं एक पोरगं बॉलकडं बघतच नाही, सारखी मान वळवतंय.

मी भांडारात गेलो. “सर, पोरं बघितलीत?”

“खिडकीतनं दिसत्यात.”

“कशी आहेत?”

“मागची चौघं लय लांब लांब ऱ्हात्यात.” सर सोंगट्यांकडं बघत म्हणाले. “पंधरा दिसांचं काम हाय. जादा न्हाई.”

“मग घ्या की.”

“मला कुणी इचारलंच न्हाई रं.”

मग मी प्राचार्यांकडं गेलो. आता प्राचार्य नवे आहेत. मोकळे वाटले, चहा दिला. म्हणाले, “माझा विरोध नाही. प्रवेशिकेवर मी आजही सही करीन आणि सरांनाही जबाबदारी देईन. पण मला संस्थेपुढं ठेवायला काहीतरी हवं. चार वर्षांत फुटबॉल पाहिजे असं एका माणसानं लेखी दिलेलं नाही. एक पालक नाही, एक माजी विद्यार्थी नाही. तुमचं एकट्याचं पत्र घेतलं तर म्हणतील, हा तर पत्रकवाला.”

त्यांचं चुकलं नाही. मी पत्रकवालाच आहे. माझ्या एकट्याच्या कागदाचं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

म्हणून आता तुम्ही. हा अंक सातारा-सांगलीत घरोघर जातो. तुमच्यातले शेकडो जण ह्या कॉलेजात शिकलेत, कितीकांची पोरं आज तिथं आहेत, आणि त्या वर्षी आमच्यासाठी टाळ्या वाजवणारेही तुम्हीच होता. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं की प्रवेशिका पाठवायला आठच दिवस मिळतात. एक पोस्टकार्ड घ्या. प्राचार्यांच्या नावानं लिहा: ह्या वर्षी फुटबॉल संघ पाठवा आणि तो शिकलगार सरांच्या हाती द्या. खाली तुमचं पूर्ण नाव आणि गाव घाला. माझं नाव कुठंही लिहू नका. अंक मिटायच्या आधी लिहा, आणि सकाळी पहिल्या टपालात टाका.